न फाटलेला अंगरखा

योएजर विणकर कधी कुठे पुढे बसला असेल, असं आठवणारं माणूस सापडायचं नाही. सभास्थानात तो खांबाच्या आड, लग्नात दाराशी, आणि पुढे गुरुजींच्या मागून गावोगाव हिंडायला लागला तेव्हाही सगळ्यांच्या शेवटी, खांद्यावर पाण्याची पखाल घेऊन. माणूस वाईट नव्हता. फक्त आपण असल्याचा कुणाला त्रास होऊ नये अशा बेतानं तो जगायचा, आणि अशा माणसांना जग खरंच विसरून जातं.

तो मूळचा गालीलातल्या एका डोंगराळ गावचा. घरात माग होता, वडिलांपासून चालत आलेला. त्याच्या हातचं कापड इतकं घट्ट विणीचं असायचं, की गावातल्या बायका म्हणायच्या, "योएजरचा अंगरखा घे, नवऱ्यापेक्षा जास्त टिकेल." त्याची बायको मत्तात ही थट्टा ऐकून पोट धरून हसायची. ती गेली आणि मागाला कोळ्यानं जाळं धरलं. सांत्वनाला लोक आले, देवानं दिलं देवानं नेलं म्हणाले, सुतकाची मसूर खाल्ली, गेले. महिने लोटले तरी योएजर उंबऱ्यात बसलेलाच.

गुरुजी त्या गावात आले ते याच सुमारास. बाकीचे पुढे विहिरीकडे गेले, हे मात्र योएजरच्या उंबऱ्यावर टेकले. देवाचं नाव काढलं नाही, धीर धर म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "तिचं नाव काय होतं?" योएजरनं सांगितलं. मग विचारलं, "हाताला चव होती का?" योएजर म्हणाला, "आमटी बरी करायची. पण मीठ, देवा रे, मीठ मूठभर जास्त." आणि हे सांगताना त्याला हसू फुटलं. मग तो रडला, मग पुन्हा हसला. दुसऱ्या दिवशी माग पुतण्याच्या हवाली करून तो त्यांच्या मागून चालू लागला.

गावानं त्याला वेड्यात काढलं. पण आपल्या मेलेल्या बायकोचं नाव ज्यानं विचारलं त्याच्या मागून माणूस गेला, यात मला तरी वेड दिसत नाही.

त्या मंडळींत योएजरचं काम ठरलेलं. पाणी भरायचं, मुक्कामाला जागा शोधायला पुढे जायचं, सगळे जेवले की उरलं ते खायचं. गुरुजी बोलायला बसले की हा हमखास विहिरीवर असायचा. परत यावं तर गोष्ट अर्धी झालेली, आणि शेवट ऐकावा तोवर पखाल रिकामी. संध्याकाळी नताय त्याला ती गोष्ट पुन्हा सांगायचा. नताय त्याच्याच गावचा, गाढवं हाकणारा, तिशीचा, तोंडाळ. तो गोष्टीत पदरचं इतकं घालायचा की गुरुजींचं किती आणि नतायचं किती हे देवच जाणे.

"काका, आता दिवस राहिले नाहीत," वल्हांडण, म्हणजे गुलामीतून सुटल्याच्या सणासाठी, यरुशलेमची वाट चढताना नताय म्हणाला होता. "गुरुजी गादीवर बसले की मी राजाच्या तबेल्याचा मुख्य. तुम्हाला काय हवं?"

"मला काय करायचंय?"

"पडदे! राजवाड्याचे पडदे तुम्ही विणायचे."

"घट्ट विणीनं आतला उजेड जाईल रे," योएजर म्हणाला, आणि दोघेही हसले.

आठवडा उलटला नाही तोच गुरुजी धरले गेले, आणि शुक्रवारी रोमी शिपायांनी त्यांना शहराबाहेरच्या टेकाडावर क्रुसावर खिळलं. मंडळींची दाणादाण उडाली. नतायसारखे पहिल्या रांगेतले गडी कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या तळघरात जाऊन लपले. टेकाडावर गेला तो शेवटच्या रांगेतला योएजर. धाडस म्हणून नाही. सणासाठी आलेल्या माणसांचा लोंढा तिकडे निघाला होता आणि त्याच्या पायांना थांबता आलं नाही, एवढंच.

आमच्या लोकांत एक रीत आहे. जीव जाताना जो जवळ उभा असेल, त्यानं तिथल्या तिथे गळ्यापाशी कापड धरून वीतभर फाडायचं. सख्खा असो वा परका, वाटसरू असला तरी. जीव गेला याची ती पावती असते. शेजारी जळत असलेलं घर पाहून हात बांधून उभं राहू नये, तसंच हे. आणि आई, बाप किंवा गुरू गेला असेल तर ती फाट पुन्हा कधी शिवायची नाही. मरेपर्यंत तसंच वागवायचं.

दुपार कलली. त्या मधल्या क्रुसावरचं डोकं पुढे कलंडलं आणि पुन्हा वर आलं नाही. दूर उभ्या असलेल्या, मंडळींतल्या गालीलच्या बायकांनी एकच आकांत केला. योएजरच्या शेजारी एक म्हातारी होती, गुरुजींना कधी न पाहिलेली, कुणाच्या तरी मागून आलेली. तिनं सुस्कारा टाकला, गळ्याशी हात नेला आणि कापड फाडलं. त्या आवाजानं योएजरचाही हात आपोआप गळ्याशी गेला.

तेवढ्यात समोरच्या शिपायानं मान वळवली. गुरुजींची माणसं हेरायला, कोण रडतं, कोण फाडतं हे बघायला, दोघंचौघं ठेवलेच होते. त्याची नजर म्हातारीवरून योएजरवर आली आणि तिथे थांबली.

योएजरचा हात खाली आला. त्यानं दोन्ही हात बाह्यांत घातले.

"फाड की रे," म्हातारी कुजबुजली. "जीव गेला ना तिकडे. माणूस हायेस का कोण?"

"मी..." योएजर शिपायाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "मी वाटेनं चाललो होतो. मला काही माहीत नाही."

शिपायानं तोंड फिरवलं. म्हातारी दोन पावलं बाजूला सरकली. योएजर सूर्य मावळेपर्यंत तिथेच उभा होता म्हणतात. शिपाई गेल्यावरही त्याला फाडता आलं असतं. पण आता फाडलं तर ते कुणासाठी, या विचारात त्याचा हात वर उठेना, आणि मग सण लागला. सणाच्या दिवशी फाडणं नाही, रडणं नाही, जमिनीवर बसणं नाही.

बहीण शप्पीरा खालच्या पेठेत राहायची. नवरा हनीन चपला शिवायचा. माणूस जिभेचा तिखट, पण वल्हांडणाच्या कोकरात त्यानं मेहुण्याचा वाटा आधीच धरून ठेवला होता. योएजर दारात आला तेव्हा ताटं मांडली होती, कडू भाजी, बेखमीर भाकरी, भाजलेलं कोकरू. तो भिंतीशी जमिनीवर बसला.

"वर बसा, मेहुणे," हनीन म्हणाला. "आज गुलामसुद्धा लोडाला टेकून जेवतो. जमिनीवर बसायला कोण मेलंय?"

शप्पीरानं डोळे वटारले. "अहो!"

"काय अहो? अख्ख्या शहराला माहितीये कोण मेलंय. मी म्हणतो, तो यांचा कोण लागतो?"

योएजर उठून लोडाशी बसला. घास तोंडात घेतला. तो घास इकडून तिकडे फिरत राहिला.

"दाजी," तो जरा वेळानं म्हणाला, "सण सरल्यावर मी फाडलं तर चालेल का?"

हनीननं हातातलं हाड ताटाच्या कडेला नीट ठेवलं. सणाच्या कोकराचं हाड मोडायचं नसतं. "परक्याचं फाडणं जिथल्या तिथे. वेळ गेली की गेलं. नंतर फाडलं तर नुसती चिंधी होते. भाऊ होता का तुमचा?"

"नाही."

"बाप? मुलगा?"

"नाही. गुरू होते."

"हां. गुरूसाठी कधीही फाडता येतं. मग सांगा, काय शिकवलं तुम्हाला? एक धडा सांगा. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

योएजरनं तोंड उघडलं. त्याला गोष्टींच्या सुरुवाती आठवल्या. एका माणसाचं शेत होतं. एक बाई घर झाडत होती. कुणीतरी कुणाच्या घरी जेवायला आलं होतं. पुढे काय झालं? पुढे तो पाणी आणायला गेला होता.

"मी मागे असायचो," तो म्हणाला.

"अडीच वर्षं चप्पल झिजवलीत," हनीन म्हणाला, "आणि हातात काय? गाढवाला गुळाची चव काय!"

"पुरे झालं," शप्पीरा म्हणाली. "जेवू द्या त्याला."

मग हनीननं रीतीप्रमाणे स्तुतीची गाणी सुरू केली. सुटकेची, समुद्र दुभंगल्याची, आनंदाची. योएजरलाही गावं लागलं. तोंडानं तो देवानं आम्हाला सोडवलं असं गात होता आणि त्याच्या मनात एकच चाललं होतं: ना मी भाऊ, ना शिष्य, आणि जो वाटसरू होतो त्यानंही रीत पाळली नाही. त्याच्या दुःखाला बसायला जमीनसुद्धा उरली नव्हती. मत्तात गेली तेव्हा निदान उंबरा होता.

शनिवार शब्बाथचा, विसाव्याचा. शप्पीरानं दोनदा पाणी दिलं, दोनदा भाकरी. भाकरी तशीच राहिली. एकदा तिनं त्याच्या अंगरख्याच्या गळ्याकडे पाहिलं आणि त्याच्या ते लक्षात आलं. त्यानं कापड मुठीत धरून झाकून घेतलं, जणू तिथे डाग पडला होता.

"योए," ती म्हणाली, "तू त्या टेकाडावर होतास ना?"

"होतो."

"मग?"

"मग काही नाही, ताई."

भावाला ती लहानपणापासून ओळखत होती. तो खोटं बोलायचा तेव्हा वाक्य आखूड व्हायचं.

रविवारी उन्हं वर आली आणि नताय धडपडत आत आला. त्याच्या अंगरख्याची फाट छातीपर्यंत लोंबत होती. लपून बसला होता तिथे शुक्रवारी खबर पोचली, तेव्हा त्यानं आणि बाकीच्यांनी फाडलं होतं. दोन दिवस न झोपलेल्या डोळ्यांनी तो एकदम योएजरच्या पायांशी बसला.

"काका, तुम्हाला माहीत होतं! मला का नाही सांगितलं?"

"काय माहीत होतं?"

"बायका पहाटे थडग्यावर गेल्या, सुगंधी द्रव्यं लावायला. तोंडावरची धोंड बाजूला सरलेली. आत कुणी नाही! म्हणतात, ते जिवंत आहेत. आमच्यातले म्हणतात, बायकांची बडबड. कुणी म्हणतं, प्रेत पळवलं. अर्धे तर गावाकडे निघालेत. मीपण निघालो होतो, गाढवावर खोगीर घातलं होतं."

"मग?"

"मग एक बाई म्हणाली, तुमचा तो विणकर टेकाडावर होता. आम्ही सगळ्या फाडत होतो, आणि तो हात बाह्यांत घालून शांत उभा. गळ्याला हातसुद्धा लावला नाही." नतायनं योएजरचा अंगरखा दोन्ही हातांनी धरला, गळ्यावरून बोटं फिरवली. "अखंड! काका, आम्ही सगळ्यांनी त्यांना मेलेलं धरलं. मी, जो पुढे बसायचो, मीसुद्धा. तुम्ही एकट्यानं नाही. त्यांनी तुम्हाला काही सांगितलं होतं. विहिरीवर जाता येता कधीतरी, एकट्यात. हो ना?"

हनीन कोपऱ्यात चामडं भिजवत होता, त्याचा हात थांबला. शप्पीरा चुलीपाशी उभी राहिली. उभ्या जन्मात योएजरच्या बोलण्यासाठी तिघं माणसं अशी थांबली नव्हती.

"चला माझ्याबरोबर," नताय म्हणाला. "उरलेले अजून तिथे आहेत, दार लावून बसलेत. तुम्ही फक्त एवढं सांगा, मला माहीत होतं म्हणून मी फाडलं नाही. बस. तेवढ्यावर सगळे थांबतील, काका. आमच्याजवळ दुसरं काही नाही."

किती सोपं होतं ते. एक वाक्य, तेही आखूड. मागचा माणूस पुढे आला असता. कुणी सांगावं, आज त्याचं नाव आपण वेगळ्या तऱ्हेनं घेतलं असतं. आणि नताय त्याला पोरासारखा होता. त्याचे ते लाल डोळे योएजरच्या तोंडाला चिकटले होते.

"शिपाई बघत होता," योएजर म्हणाला.

"काय?"

"माझा हात गळ्याशी गेला होता. शिपायानं बघितलं म्हणून खाली घेतला. मी त्याला सांगितलं, मी वाटेनं चाललो होतो, मला काही माहीत नाही."

नताय हसला, अर्धवट. "काका, थट्टा नको."

"मी भ्यालो रे, नताय. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मला तर त्यांची एक गोष्ट शेवटपर्यंत येत नाही."

नतायच्या हातातून अंगरखा सुटला. "म्हणजे कुणालाच माहीत नव्हतं," तो म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो उठला, दारात अडखळला, आणि डावीकडे मंडळींच्या घराकडे न जाता उजवीकडे, गाढवं बांधतात त्या वेशीकडे गेला.

हनीननं चामडं पुन्हा पाण्यात दाबलं. एरवी त्याच्या जिभेवर चार शब्द तयार असत, पण अजून सण आहे, जमिनीवर बसू नका, एवढंही आज त्यानं म्हटलं नाही.

शप्पीरा भावाशेजारी येऊन बसली, जमिनीवर. "योए, पण बायकांचं ते खरं असेल तर? तर चांगलंच की रे. तुझं फाडायचं राहिलं ते राहिलं. मेलेच नाहीत म्हटल्यावर कुणासाठी फाडणार?"

योएजरनं तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं आपण काहीतरी भलतंच बोललो.

"ताई, ते मेलेले असतील तर मी भित्रा आहे. जगात भित्रे पुष्कळ आहेत. तसं जगता येतं." त्याला धाप लागली होती. "पण ते जिवंत असले, आणि इथे आले, तर? ते काही बोलणार नाहीत गं. माझ्या उंबऱ्यावर बसले होते तसे इथे बसतील, आणि मला काहीतरी साधं विचारतील. जेवलास का म्हणून विचारतील. मी काय करू तेव्हा?"

अख्ख्या यरुशलेमात त्या दिवशी मूठभर माणसं ते जिवंत असावेत म्हणून देवाला आळवत होती. त्यांच्यापेक्षा कमी माया नव्हती योएजरला, आणि तो एकटा ते जिवंत असतील म्हणून थरथर कापत होता.

दिवस कलला. गल्लीत पावलं वाजली आणि दारावर थाप पडली, हलकी, ओळखीच्या माणसाची असते तशी. योएजर ताडकन उठला.

"मी नाही म्हणून सांग," तो म्हणाला, आणि आतल्या खोलीत, जिथे हनीन कातडी रचून ठेवायचा, तिथे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

शप्पीरानं दार उघडलं. पलीकडच्या घरची सून होती. चूल विझली म्हणून निखारा मागायला आली होती. दोन शब्द बोलून, खापरीत निखारा घेऊन ती गेली.

"कुणी नाही रे," शप्पीरानं हाक दिली. "शेजारची आहे. ये बाहेर."

आतून आवाज आला. तिला आधी वाटलं कापड फाटतंय. ती धावत आत गेली. अंगरखा धड होता. योएजर कातड्यांत तोंड खुपसून रडत होता, दोन दिवसांत पहिल्यांदाच. त्या आवाजानं हनीनही मागून येऊन उंबऱ्यात उभा राहिला.

"दारात नव्हते ते," योएजर म्हणत होता. "ताई, ते नव्हते गं."